कमी उजेडात रॉक कॉन्सर्टचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, वाशी, नेरुळ, बेलापूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं रॉक बँडचे फोटो काढतो आहे. कॉलेजच्या फेस्टपासून पबच्या कोपऱ्यातल्या फूटभर उंचीच्या स्टेजपर्यंत. गिग, म्हणजे कार्यक्रम, संपल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवत असताना कुणीतरी हमखास जवळ येतं आणि विचारतं, ‘दादा, माझे सगळे काळे नाहीतर हललेले आलेत, काय चुकतंय?’ रात्री अकराला स्टेशन गाठायच्या घाईत पुरतं उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे सवडीने लिहिलं आहे.

स्टेजवर एवढे दिवे असतात, तरी फोटो काळा का येतो?

कारण उजेड सगळीकडे नसतो. गायकाच्या चेहऱ्यावर भरपूर असतो आणि त्याच्या खांद्यामागे दोन फुटांवर काहीच नसतं. कॅमेरा ऑटोवर असला की तो पूर्ण चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत काळोख जास्त असला की त्याला वाटतं फोटो उजळ करायला हवा. मग उजेड आत सोडणारं शटर रेंगाळतं, म्हणजे जास्त वेळ उघडं राहतं, फोटो हलतो आणि चेहरा पांढराफटक होतो. मागचा मोठा एलईडी पडदा पेटला की याच्या उलट घडतं. कॅमेरा बिचकतो आणि माणसं नुसत्या सावल्या होतात.

शिवाय हा उजेड दर दोन सेकंदांनी बदलतो. लग्नाच्या हॉलमध्ये एकदा सेटिंग जमलं की तासभर चालतं. इथे कडव्याला निळा, ध्रुवपदाला पांढरा, सोलोला मागून एकच झोत, असं चाललेलं असतं. पण ते मनमानी नसतं. लाइटवाला गाणं ऐकून दिवे बदलतो, बहुतेक वेळा ड्रमरच्या फटक्यावर. तुम्हीही गाणं ऐकत असाल तर उजेड कधी येणार हे तुम्हाला आधी कळतं. माझ्या मते या कामातलं निम्मं कौशल्य कानात आहे. बँडची गाणी आदल्या दिवशी लोकलमध्ये ऐकून जा. दुसऱ्या ध्रुवपदानंतर सगळं थांबतं आणि एकटी गिटार वाजते हे ठाऊक असेल, तर त्या क्षणी तुम्ही गिटारवाल्यासमोर उभे असता.

सुरुवात कुठल्या सेटिंगपासून करू?

मॅन्युअल मोड. अपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) लेन्स देईल तितकं उघडं, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ३२००. पहिल्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात दोन-तीन फोटो काढून बघा आणि आयएसओ वरखाली करा. गायक माइकला चिकटून शांत गाणं म्हणत असेल तर १/१२५ पुरतं. डोकं गरागरा फिरवणारे मेटलवाले असतील किंवा ड्रमरच्या काठ्या स्थिर दिसायला हव्या असतील, तर १/५०० तरी लागतं.

दिवे फारच उड्या मारत असतील तर अपर्चर आणि शटर हातात ठेवून आयएसओ ऑटोवर सोडायला हरकत नाही. मात्र मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे एकाच बिंदूवर ठेवा आणि तो बिंदू चेहऱ्यावर धरा. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये उडालेला लाल रंग परत आणता येत नाही.

एक गोष्ट सगळ्यांना फसवते. अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ भासते, फोटो छान आलाय असं वाटतं आणि घरी लॅपटॉपवर तो काळवंडलेला निघतो. स्क्रीनचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम (फोटोत काळं-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लावा.

माझ्याकडे फक्त कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे. चालेल का?

संध्याकाळच्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला चालेल, पबमध्ये नाही चालणार. १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की अपर्चर एफ ५.६ होतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सवर १/२५ चं शटर ठेवावं लागतं, तिथे ही लेन्स १/२५० देते. एकात नुसता धूर दिसतो, दुसऱ्यात माणूस. ही जवळपास सगळ्या कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास जुनीही मिळते, फक्त विकत घेण्याआधी उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना हे बघा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पंच्याहत्तर-ऐंशी मिलिमीटरसारखी वागते. छोट्या स्टेजवर कमरेपासून वरच्या फोटोला हे अंतर अगदी बरोबर बसतं.

नवा कॅमेरा घ्यायचे पैसे साठवत असाल तर आधी लेन्स घ्या. ७०-२०० ची एफ २.८ मोठ्या मैदानासाठी सुंदर आहे, पण तिचं वजन दीड किलोच्या आसपास जातं आणि पबमध्ये ती फिरवायला जागाच नसते.

आयएसओ ६४०० वर दाणे येतात. त्यापेक्षा शटर कमी करू का?

नको. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत स्थिर करता येत नाही. फिल्मच्या काळात फोटोग्राफर कोडॅकची ४०० आयएसओची ट्राय-एक्स फिल्म भरून ती १६०० असल्यासारखी वापरायचे आणि डेव्हलपिंगला जास्त वेळ द्यायचे. त्यातून आलेला जाडाभरडा दाणा आज आपल्याला रॉकचा स्वभावच वाटतो. शिवाय आता लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉइज, म्हणजे दाणे कमी करणारं साधन आहे. ते रॉ फाइलवर चांगलं काम करतं. फक्त पूर्ण जोरात चालवू नका, चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते.

फोटो मुद्दाम काळा काढून नंतर उजळ करणं हे मात्र टाळा. सावल्यांमध्ये घाण रंग उठतात. योग्य एक्सपोजरचा (पुरेसा उजेड घेऊन काढलेला) आयएसओ ६४०० चा फोटो हा ओढूनताणून उजळलेल्या १६०० च्या फोटोपेक्षा बहुतेक कॅमेऱ्यांवर बरा किंवा तितकाच दिसतो.

लाल आणि निळ्या लाइटमध्ये चेहरा सपाट, प्लास्टिकसारखा येतो. काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि या भागातल्या छोट्या स्टेजवर हीच खरी अडचण आहे. पबवाल्यांकडे चार-सहा एलईडी पार (डब्यासारखे स्टेजचे दिवे) असतात आणि ते गडद लाल-निळ्यावर लावून ठेवलेले असतात.

आधी कारण समजून घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असा फिल्टर बसवलेला असतो. शुद्ध निळा उजेड पडला की चारातला एकच ठिपका काम करतो, बाकीचे तीन जवळजवळ आंधळे राहतात. तपशील जातो आणि दाणे वाढतात. त्यातच तो एक रंग भरून वाहतो, पण साध्या हिस्टोग्राममध्ये ते दिसत नाही, कारण सरासरी ठीकच असते. म्हणून तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला धडकत असेल तर एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर आणा, बाकी चौकट काळी वाटली तरी.

वाशीतल्या एका छोट्या गिगची आठवण सांगतो. पहिली चार गाणी गायिकेच्या तोंडावर फक्त निळा होता. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर नाक आणि गाल यांच्यामध्ये सीमाच नव्हती, सगळा एक निळा डाग. समोरून काढत राहण्यात अर्थ नव्हता. मी ड्रमच्या बाजूला, स्पीकरच्या कडेला सरकलो. तिथून तिच्या मागचा एकुलता एक पिवळट दिवा दिसत होता. पाचव्या गाण्यात तिने मान मागे टाकली आणि तो उजेड जबड्याच्या कडेवरून हनुवटीपर्यंत धावला. तिथे घामाचा एक थेंब लोंबत होता. चेहरा जवळजवळ पूर्ण काळा, फक्त ती कड आणि तो थेंब. त्या रात्रीच्या चारशे फोटोंपैकी बँडने तोच पोस्टरवर घेतला. समोरचा उजेड वाईट असेल तर बाजूचा किंवा मागचा शोधा.

दुसरा उपाय माणसांचा आहे. साउंडचेकला लवकर जा आणि लाइटवाल्या दादांशी ओळख करून घ्या. ते साउंडच्या कन्सोलशेजारी बसलेले असतात आणि त्यांची विचारपूस कुणी करत नाही. ‘तिसऱ्या गाण्यात जरा समोरून पांढरा किंवा पिवळट अंबर द्याल का?’ एवढं विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. नंतर त्यांना त्यांच्या लाइटिंगचे दोन चांगले फोटो आठवणीने पाठवा.

आणि काहीच जमलं नाही तर ब्लॅक अँड व्हाइट. लाल उजेडातला फोटो लाल चॅनेलवरून, म्हणजे फक्त लाल रंगाच्या माहितीवरून कृष्णधवल केला की कातडी आश्चर्य वाटेल इतकी छान उतरते.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. एलईडी दिवे डोळ्याला सलग वाटतात, पण ते फार वेगाने चालू-बंद होत असतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी दिवा चालू असताना आणि काही बंद असताना वाचल्या जातात. सायलेंट मोड बंद करून मेकॅनिकल शटर लावा आणि शटर १/१२५ च्या आसपास आणून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साध्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॉलेजच्या हॉलमध्ये ट्यूब चालू असतील तर १/१०० वर प्रश्न सुटतो.

लेझर असेल तर जास्त सांभाळा. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये आला तर सेन्सरवरचे ठिपके कायमचे जळू शकतात. किरण प्रेक्षकांवर फिरत असतील तेव्हा कॅमेरा खाली करा.

फ्लॅश?

बंद. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर तो चमकतो आणि स्टेजवरचा सगळा रंग धुऊन टाकतो. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही मेनूमध्ये जाऊन बंद करा.

फोकस नेहमी माइकवर बसतो, चेहऱ्यावर नाही.

माइकची जाळी चकाकते आणि पुढे असते, कॅमेऱ्याला तीच आवडते. एकच फोकस पॉइंट निवडा आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर असू द्या. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचं डोळा ओळखणं चांगलं असतं, पण केस तोंडावर आले किंवा स्ट्रोब (झपझप लुकलुकणारा दिवा) सुरू झाला की ते गोंधळतं. अशा वेळी तेवढ्याच अंतरावरची ठळक कड धरा, गिटारच्या पट्ट्याची किंवा शर्टाच्या कॉलरची. ८५ मिलिमीटर, एफ १.८ आणि गायक दोन मीटरवर असला तर फोकसमध्ये राहणारी जागा पाच-सहा सेंटिमीटरची असते. तो एक पाऊल डोलला की गेला. म्हणून तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट मारा.

उभं कुठे राहायचं?

मधोमध सोडून कुठेही. समोरून माइक बरोबर ओठांवर येतो. गायकाच्या डाव्या-उजव्या बाजूला तिरकं उभं राहिलात तर तोंड, माइक आणि हात तिन्ही मोकळे दिसतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या गिटारचा दांडा प्रेक्षकांच्या उजवीकडे जातो. त्या बाजूने बोटं आणि दांडा तुमच्याकडे झेपावताना दिसतात, डाव्या बाजूने गिटारचं अंग आणि वाजवणारा हात. ध्रुवपदाच्या आधी गायक दोन ओळींच्या मध्ये माइकपासून मागे सरकतो, तेव्हा चेहरा पूर्ण दिसतो. पुन्हा तेच, गाणं ऐका.

ड्रमरला विसरू नका. बिचारा मागे झांजांच्या आड असतो आणि त्याचा फोटो कुणीच काढत नाही. विंगेतून, हाय-हॅटच्या (पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीच्या) बाजूने त्याचा चेहरा मोकळा मिळतो.

नाट्यगृहात कार्यक्रम असेल, गडकरी रंगायतन किंवा घाणेकर किंवा वाशीचं भावे, तर लोक बसलेले असतात. मधल्या वाटेत उभं राहून कुणाचा कार्यक्रम झाकू नका. कडेच्या भिंतीला टेकून काढा किंवा परवानगी घेऊन विंगेतून.

‘पहिली तीन गाणी’ म्हणजे काय?

मोठ्या कार्यक्रमांत पास असलेल्या फोटोग्राफरना स्टेज आणि बॅरिकेडमधल्या पिटमध्ये सहसा फक्त पहिल्या तीन गाण्यांपुरतं सोडतात, फ्लॅशशिवाय. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या गाण्यात उजेड समजून घ्या आणि मुख्य गायक पक्का करा, दुसऱ्यात बाकीचे वादक, तिसऱ्यात पूर्ण स्टेज. पिटमध्ये कॅमेरा डोक्यावर धरून काढू नका, मागच्या फोटोग्राफरची चौकट जाते. आणि मागे बॅरिकेडला लोक दुपारपासून उभे आहेत हे लक्षात ठेवा, जमेल तेवढं वाकून राहा.

डी. वाय. पाटील स्टेडियमच्या शोला कॅमेरा नेता येईल?

तिकीटवाल्यांना मोठ्या लेन्सचा कॅमेरा अशा शोमध्ये सहसा आत नेऊ देत नाहीत. तिकिटावरचे नियम वाचा, नाहीतर नेरुळला गेटवर बॅग कुठे ठेवायची हा पेच पडतो. यू२ हा बँड १५ डिसेंबर २०१९ ला इथे वाजवून गेला, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ ला. वरच्या स्टँडवरून स्टेजवरचा माणूस फोनमध्ये मुंगीएवढा दिसतो. झूम करून त्याच्यामागे लागू नका. तिथून स्टेडियमचा कटोरा काढा. कोल्डप्लेच्या वेळी प्रेक्षकांच्या मनगटावरचे पट्टे एकदम पेटायचे, तेव्हा खरा फोटो स्टेजच्या विरुद्ध दिशेला होता.

फोनवर चांगले येतात का?

छोट्या गिगला पुढच्या रांगेतून नक्की येतात. नाइट मोड बंद करा. तो एक-दोन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात गायक कुठल्या कुठे गेलेला असतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग एक्सपोजरची सूर्याची खूण खाली ओढा. डिजिटल झूम टाळा, दोन पावलं पुढे जा. लेन्स शर्टाने पुसा. घामट बोटांच्या डागामुळे प्रत्येक दिव्याला पिसारा फुटतो.

सरावाला कुठे जाऊ?

कॉलेजच्या फेस्टपासून सुरुवात करा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. बँडमधल्या एखाद्या मुलाला आधी मेसेज करा की फोटो काढू का आणि तुम्हाला देऊ का. नव्या बँडला फोटोंची गरज असते, बहुतेक आनंदाने हो म्हणतात. बेलापूर, वाशी आणि घोडबंदर रोडवरच्या लाइव्ह संगीत असणाऱ्या जागांमध्ये मॅनेजरला आधी विचारून जा. प्रेक्षकांचे जवळून फोटो काढायचे असतील, विशेषतः मुलींचे, तर डोळ्यांनी तरी परवानगी घ्या आणि नाही म्हटलं तर तो फोटो तिथेच डिलीट करा.

उघड्यावरचे कार्यक्रम नवशिक्यांना फार काही शिकवतात. लाउडस्पीकरवर रात्री दहाचा नियम असल्यामुळे ते लवकर सुरू होतात. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो. त्यानंतरच्या वीस मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि स्टेजचे दिवेही पेटलेले असतात. उपवनसारख्या जागी मागे येऊरच्या डोंगराची रेघही मिळते. पहिल्या बँडला कुणी फोटोग्राफर येत नाही, पण त्या दिवसाचा सर्वांत सुंदर उजेड त्यांच्याच वाट्याला आलेला असतो.

पावसाळ्यात लेन्सवर धुकं बसतं.

एसीतून बाहेरच्या दमट हवेत आलात की काच लगेच पांढरी होते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या, लेन्स तिथे बदलू नका. खाडीकाठच्या हवेत बुरशीची भीती वर्षभर असते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये ठेवा.

कानात बोळे घालावे लागतात का?

हो, आणि यात हयगय करू नका. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास सुरक्षित धरतात आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. फोटोग्राफर नेमका स्पीकरच्या तोंडाशी उभा असतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या. त्यांतून आवाज कमी होतो पण गाणं स्वच्छ ऐकू येतं.

थोडा धूसर आलेला फोटो टाकून देऊ का?

लगेच नको. १९७९ साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅश या ब्रिटिश बँडचा पॉल सिमोनन बेस गिटार स्टेजवर आपटत असताना पेनी स्मिथ यांनी फोटो काढला. तो फोकसमध्ये नाही म्हणून अल्बमवर वापरू नये असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बँडने तोच वापरला आणि आज रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंमध्ये तो मोजला जातो. धूसर फोटोत काही घडत असेल तर तो ठेवा. नुसता धूसर असेल तर जाऊ द्या.

बँडला किती फोटो द्यायचे?

वीस ते तीस. चारशे दिलेत तर त्यातला सर्वांत वाईट इन्स्टाग्रामवर चढतो, तुमच्या नावासकट.

फोटो माझे की आयोजकांचे?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे फोटो काढणारा हा त्याचा पहिला मालक असतो. पण कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणून पैसे घेताना आधीच लिहून ठेवा, की फोटो माझे, तुम्ही अमुक ठिकाणी वापरू शकता, नावासह. साध्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर त्यांचं ‘हो’ असलं तरी नसल्यापेक्षा कितीतरी बरं. एका आयोजकाने माझा फोटो पुढच्या वर्षीच्या मोठ्या होर्डिंगवर लावला होता. बसमधून जाताना तो दिसला आणि मी पुढच्या थांब्यावर उतरून त्याच्याखाली उभा राहिलो. नाव नव्हतं, पैसे नव्हते, आणि लेखी काहीच नसल्यामुळे बोलायला जागाही नव्हती. तेव्हापासून मेसेज न पाठवता मी कॅमेरा बाहेर काढत नाही.

घरी आल्यावर आधी काय करू?

ट्रान्स-हार्बर मार्गाची शेवटची लोकल किती वाजता आहे ते निघण्याआधीच बघून ठेवा आणि कार्ड कॅमेऱ्यात न ठेवता खिशात ठेवा. घरी पोचलात की दोन ठिकाणी कॉपी करा, लॅपटॉपवर आणि वेगळ्या डिस्कवर, आणि दोन्हीकडे फोटो उघडताहेत हे बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. निवड त्या रात्री करायची नाही. कानात अजून गिटार वाजत असते आणि प्रत्येक फोटो भारी वाटतो. झोपा, सकाळी चहा घेऊन बसा आणि बँडची तीच गाणी हळू आवाजात लावून फोटो चाळा.